मिसरूड फुटलेली रेघ

"तुझ्या रेघेला मिसरूड फुटलंय, रे."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा चळला. म्हातारा माझ्या मॉनिटरला नाक लावून उभा होता. गळ्यात दोऱ्याने अडकवलेलं भिंग डाव्या डोळ्यावर, उजवा डोळा मिटलेला, आणि श्वासाने काचेवर वाफ धरलेली. ती वाफ पुसायला त्याने माझाच रुमाल मागितला आणि पुसून झाल्यावर घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला.

म्हातारा म्हणजे आमचे काका. माझे ते कोणी लागत नव्हते, पण शहापुरात सगळेच त्यांना काका म्हणायचे, मग मीही म्हणायला लागलो. मोजणी खात्यात त्यांनी उभी हयात नकाशे काढण्यात घालवली होती. कापडाच्या पाठीवरचे ते जुने गावनकाशे, त्यातल्या केसासारख्या काळ्या रेघा, शहापूर आणि मुरबाडकडच्या कितीतरी गावांच्या त्या रेघा ह्या माणसाच्या हातच्या. रिटायर झाल्यावर आमच्या साहेबांनी त्यांना शोधून आणलं, कारण ते नकाशे वाचू शकणारं दुसरं कोणी सापडत नव्हतं.

आणि मी? मी तेव्हा बावीस वर्षांचा, म्हशाजवळच्या खेड्यातून शहापूरला आलेला आणि स्वतःवर भलताच खूश. नवं शतक नुकतंच लागलं होतं, कल्याणला मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, आणि ठाण्याच्या ह्या साहेबांनी एक छोटी कंपनी काढली होती. काम असं, की गावांचे जुने नकाशे इंटरनेटवर आणायचे. घरबसल्या नकाशा उघडा, आपल्या शेतावर क्लिक करा, गट नंबर आणि मालकाचं नाव समोर हजर. आमचं शहापूरचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्यांत. कीबोर्डवर कायम पिठाचा थर. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'सीनिअर प्रोग्रॅमर' असं छापलेलं होतं. ज्युनिअर कोणी नव्हता. ऑफिसात माणसं दोनच, मी आणि काका, आणि काकांकडे कार्ड नव्हतं.

खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं. काका लगेच दोन्ही हात वर करून बसायचे, पोलिसांनी पकडल्यासारखे. थरथरत्या टेबलावर रेघ मारायची नाही, हा त्यांचा नियम. तासभर गिरणी चालली तर तासभर ते तसेच बसत. मी मात्र त्या थरथरीत धडाधड टाइप करायचो आणि मनात म्हणायचो, म्हातारा कामचुकार आहे.

त्यांच्या तऱ्हा किती सांगू! रेघा मारायचं त्यांचं पेन, दोन पात्यांचं, ते रोज सकाळी पाटीच्या तुकड्यावर घासायचे आणि शाई भरून डाव्या हाताच्या तर्जनीच्या नखावर एक रेघ मारून बघायचे. आयुष्यभर मारून मारून ते नख काळंच पडलं होतं. त्यामुळे दर निवडणुकीला मतदान केंद्रावर ह्यांना अडवायचे. "काका, तुमचं मत झालंय." काका शांतपणे बाजूच्या बाकावर बसायचे, गावातला कोणी ओळखीचा येऊन साक्ष देईपर्यंत. एकदा मी म्हटलं, "काका, त्या दिवसापुरती दुसऱ्या बोटावर मारा ना रेघ." तर म्हणाले, "दुसऱ्या नखाचा अंदाज नाय मला."

लग्नपत्रिका हातात आली की आधी चौकटीचा कोपरा बघणार. कोपरा जुळलेला नसला तर मांडवात जाऊन मुलीच्या बापाला बाजूला घेणार आणि सांगणार, "बाकी सगळं छान आहे, फक्त उजवा खालचा कोपरा उघडा राहिलाय." बिचारा बाप मांडवाचा कोपरा बघायला धावायचा.

कोरा कागद त्यांना बघवत नसे, म्हणजे वाया गेलेला बघवत नसे. एका बाजूला लिहिलेले सगळे कागद ते पाठ कोरी म्हणून जपून ठेवायचे. निमंत्रणं, बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या. त्यांचे पाठकोरे गठ्ठे दोऱ्याने बांधून खिडकीत रचलेले असायचे. आमच्या दोन वर्षांच्या सहवासात मी त्यांना एकही दोन्ही बाजूंनी कोरा कागद वापरताना बघितलं नाही.

म्हशाच्या जत्रेला दर वर्षी यायचे. माझ्या गावाजवळचीच जत्रा, म्हणून मी मोठ्या उत्साहाने त्यांना बैलबाजार दाखवायला नेलं. त्यांनी एका बैलाकडे बघितलं नाही. दोर विकणाऱ्याकडे गेले आणि दोर ताणून बघायला लागले. एक टोक दुकानदाराच्या हातात, दुसरं माझ्या, मध्ये काका भिंग लावून. "हा ताणतो," बाजूला. "हा पण ताणतो," बाजूला. दुकानदार बोलला, "काका, बैल बांधायचाय की आकाशकंदील?" काका म्हणाले, "शेत मोजायचंय. शेताला माझा दोर लांबल्याचं कळत नाय, मला कळायला पायजे." शेवटी एक दोर त्यांनी पसंत केला. तो ऑफिसात खिळ्याला टांगलेला असायचा. कोणाचं शेत मोजायला, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

पण सगळ्यात मोठी तऱ्हा बांधाची. कोणत्याही शेताच्या बांधावर पाय ठेवायच्या आधी काका दोन्हीकडच्या मालकांची परवानगी घ्यायचे. अहो, बांधावरून अख्खं गाव चालतं! गुरं चालतात! पण काकांचं म्हणणं, बांध दोघांचा असतो, एकाने हो म्हणून भागत नाही. दोघांपैकी एक घरी नसला तर खालून चिखलातून जाणार. मी एकदा त्यांच्यामागे चिखलातून गेलो आणि माझी नवी सॅन्डल तिथेच राहिली.

आता मिसरूड म्हणजे काय, ते सांगतो.

कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे बारीक बारीक चौकटी. आडवी रेघ त्यात सरळ बसते, उभीही बसते. तिरक्या रेघेला मात्र पायऱ्या पडतात. आणि शेताचे बांध काय कोणी फूटपट्टी लावून घातलेत? सगळे तिरके. साहेबांनी पहिला नकाशा बघितला आणि म्हणाले, "हा नकाशा आहे की जिना? गुळगुळीत कर." मी आठवडाभर पुस्तकं चाळून एक युक्ती शोधली. चित्र आधी दुप्पट मोठं काढायचं आणि मग दाबून निम्मं करायचं. दाबताना चार चौकटींची एक चौकट होते आणि चौघींचे रंग मिसळून मधला रंग येतो. त्यामुळे काळ्या रेघेच्या कडेने करड्या चौकटींची फिकट लव येते, आणि लांबून बघणाऱ्याला पायऱ्या न दिसता रेघ मऊ, गुळगुळीत दिसते. साहेब खूश झाले. काकांनी भिंग लावलं आणि त्यांना मिसरूड दिसलं.

"ही करडी चौकट कोणाची?" त्यांनी विचारलं.

"कोणाचीच नाही, काका. रेघ गुळगुळीत वाटावी म्हणून आहे ती."

"म्हणजे डोळ्याला फसवायचं."

"हो, तसंच समजा."

"कोणाच्या डोळ्याला?"

"सगळ्यांच्या."

"मग ठीक. मला एकट्याला फसवत असशील तर आधी सांग."

एवढं बोलून ते आपल्या टेबलाकडे गेले. पण विषय त्यांच्या डोक्यातून गेला नाही. भातसानगरला त्यांचा मेहुणा धरणावर नोकरीला होता. एका रविवारी मला तिकडे घेऊन गेले. जेवण झाल्यावर आम्ही दोघं पाण्याकडे बघत उभे होतो. काकांची नजर पाण्याच्या कडेकडेने फिरत होती. मग एकदम म्हणाले, "इथे तुझं मिसरूड चालेल. पाण्याची कड आज इथे, उन्हाळ्यात तिथे. बांधाला नाय चालणार. बांध उन्हाळ्यात सरकत नाय." मी घड्याळ बघत होतो. परतीची एसटी चुकेल, एवढीच मला चिंता होती.

आता माझी अक्कल ऐका. कोणी नकाशावर क्लिक केलं की ते शेत कोणतं, हे कॉम्प्युटरला कळणार कसं? त्यासाठी मी एक दुसरा नकाशा काढून आत लपवून ठेवला होता. त्यात रेघा नव्हत्या, नुसती रंगवलेली शेतं. प्रत्येक शेताला त्याच्या गट नंबराइतकी करडी छटा. एक नंबरचं शेत जवळजवळ काळं, दोनशे नंबरचं बरंच पांढरं, बाकीची मधली. माणसाच्या डोळ्याला जवळजवळच्या नंबरांच्या छटा सारख्याच दिसतील, पण कॉम्प्युटर छटेचा नंबर बरोबर वाचतो. क्लिक झालं की तो लपवलेल्या नकाशात त्याच जागेची छटा वाचणार. छटा एकशे बारा, म्हणजे गट एकशे बारा, की यादीतून मालकाचं नाव बाहेर. ह्या युक्तीवर साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी गावी जाऊन वडलांना सांगितलं. वडील म्हणाले, "रंगावरून गट वळखतं? आपण बैल वळखतो तसं?" मी म्हटलं, हो, अगदी तसंच. आणि छाती फुगवून म्हशाच्या नाक्यावर चहा प्यायलो.

त्या लपवलेल्या नकाशाकडे मी पुन्हा कधी बघितलं नाही. तो दिसतच नव्हता, तर बघायचं काय!

पहिलं गाव तयार झालं ते शेणव्याच्या बाजूचं. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात टेलिफोनची तार कॉम्प्युटरला जोडली, साहेब ठाण्याहून गाडीने आले, अख्खं गाव खिडक्यांना लटकलं. त्या गावाचा मूळ नकाशा काकांच्याच हातचा. म्हणून काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि मागच्या भिंतीला टेकून उभे होते. नकाशा वरून खाली इंच इंच उतरत होता. मी माईक नसताना माईकवर बोलतात तसं बोलत होतो.

"ये पोरा, माजा आंबा दाखव," चांगुणाबाई पुढे आल्या. नवरा गेल्यापासून एकटीने शेती करणारी, आवाज खणखणीत. त्यांचं शेत एकशे बारा नंबरचं. शेजारचं एकशे चाळीस त्यांच्या दिराचं, बाळारामचं. मधल्या बांधावर एक आंबा, त्याची फळं दोघं निम्मी निम्मी वाटून घेत. भांडण नाही, तंटा नाही.

"मावशी, झाड दिसत नाही ह्यात. जागा दाखवतो," मी म्हटलं आणि दोन शेतांच्या मधल्या रेघेवर क्लिक केलं.

पडद्यावर आलं, गट नंबर एकशे सव्वीस. मालक बुधाजी.

बुधाजीचं शेत ओढ्याच्या पलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तो स्वतः खिडकीत उभा होता. त्याचाच आ वासला. "माजा? तिकडं?" पण दोन मिनिटांत गडी सावरला आणि मिशीवर हात फिरवत बोलला, "आमचा बा बोलायचा खरा, तिकडं आपला कायतरी हाय."

"काय हाय तुजा?" चांगुणाबाई कडाडल्या. "तुज्या बाने तरी कदी त्या आंब्याखाली पाय ठेवला होता?"

गलका झाला. आणि त्या गलक्यात एका म्हाताऱ्याला आठवलं. शेतांचे तुकडे जोडून नवे गट पाडले, तेव्हा नकाशा काढायला आलेला माणूस कोणाच्या पडवीत उतरला होता? बुधाजीच्या बापाच्या. महिनाभर भाकऱ्या कोणाच्या खाल्ल्या? बुधाजीच्या आईच्या.

"भाकरीला जागला म्हणायचा," कोणीतरी बोललं.

सगळ्या माना मागच्या भिंतीकडे वळल्या. काकांचा चेहरा मला आजही दिसतो. रागाचा लवलेश नाही. ते आठवत होते. खरंच आठवत होते, की आपल्या हातून असं कधी झालं का.

"परत दाब," ते मला म्हणाले.

माझा हात माउसवरून हललाही नव्हता. मी त्याच जागी परत दाबलं. पुन्हा एकशे सव्वीस, बुधाजी.

"जुन्या नकाशातच चूक असणार," साहेब घाईने म्हणाले. आणि मी, सीनिअर प्रोग्रॅमर, उभा राहून सगळ्या गावासमोर म्हणालो, "कॉम्प्युटर चुकत नाही. कागदावर जे आहे, तेच तो दाखवतो." हे बोलताना माझी मान ताठ होती, हे मला स्पष्ट आठवतं. आज आठवलं की त्या मानेला धरून खाली वाकवावंसं वाटतं.

काका एवढंच म्हणाले, "असेल. बघतो." तेवढ्यात टेलिफोनची लाइन तुटली आणि पडदा पांढरा झाला.

पुढचे काही दिवस काका वेळेवर यायचे, वेळेवर जायचे. पेन घासायचे, पण नखावर रेघ मारायचे नाहीत. माझ्या रेघांना नावं ठेवणं बंद. मिसरुडाचं नाव नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण कसलं काय, गिरणी बंद असली की ऑफिस नुसतं खायला उठायचं. खिळ्यावरचा दोर एक दिवस दिसला नाही, दुसऱ्या दिवशी परत आलेला दिसला. मी विचारलं नाही.

काकू डबा घेऊन जिना चढून आल्या तेव्हा कळलं. काका खाली पाणी प्यायला गेले होते. "हे नीट जेवत नायत रे," काकू म्हणाल्या. "काल दोर घेऊन त्या गावाला गेले होते, बांध मोजायला. बाळाराम बोलला, या. चांगुणा बोलली, माज्या बांधावर पाय ठेवायचा नाय. मग काय, ह्यांचं तुला माहीत आहे. पायवाटेवर उभे राहिले, लांबून बघितलं आणि आले परत. तीस वर्षांत कोणी ह्यांना बांधावरून हाकललं नव्हतं. तू जरा तुज्या त्या मशिनीला विचार ना, बाबा."

"बघतो काकू," मी म्हटलं.

बघितलं नाही. खरं सांगतो, मनात पाल चुकचुकली होती. बघितलं आणि सापडलं तर? म्हणून मी त्या आठवड्यात काय केलं, तर बटणाचा रंग निळ्याचा हिरवा केला. फार छान हिरवा होता.

मग एका सकाळी काका माझ्या खुर्चीजवळ उभे राहिले. "मला हा उंदीर चालवायला शिकव."

त्यांनी माउस दोन्ही हातांनी धरला, तापल्या भांड्यासारखा. दोन दिवस त्यांनी नकाशावर क्लिक करण्यात घालवले. एकेक क्लिक, मग भिंग, मग पाठकोऱ्या कागदावर नोंद. गिरणी सुरू झाली की हात वर. मी बाजूला बसून वर्तमानपत्र वाचल्याचं नाटक करत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. कागदाच्या त्या बाजूला कोणाच्या तरी बारशाचं आमंत्रण होतं.

"हे बघ. हा दहा नंबर, हा वीस. मधल्या बांधावर दाबलं की पंधरा येतो. हा तीस, हा छत्तीस. मध्ये तेहतीस. आता चांगुणाचा बांध. एकशे बारा आणि एकशे चाळीस. वरच्या टोकाला एकशे एकोणीस, आंब्यापाशी एकशे सव्वीस, खाली एकशे तेहतीस. एका बांधाला तीन मालक, आणि तिघांतला एकही शेजारी नाय." त्यांनी भिंग खाली सोडलं. "मी चुकलो असेन रे. माणूस चुकतो. पण इतका हिशेबात नाय चुकणार."

माझे कान गरम झाले. काकांना पुढे बोलायची गरज नव्हती, पण ते बोलले, कारण त्यांना शिकवायची हौस होती. पेनमध्ये पिवळी शाई भरून एक रेघ मारली, आणि ती ओली असतानाच निळी तिला चिकटवून मारली. दोन्हींच्या मधोमध हिरवा ओघळ धरला. "हा हिरवा मी मारला काय? पहिली वाळायच्या आधी दुसरी मारली की होतं असं. तुझ्या आतल्या रंगांचं पण असंच होतंय. कुठेतरी ते ओले असताना एकमेकांत शिरतायत."

कुठेतरी म्हणजे कुठे, ते मला लख्ख समजलं होतं. साहेबांनी गुळगुळीत कर म्हटलं तेव्हा दाबायची युक्ती मी दिसणाऱ्या नकाशाला लावली, आणि तीच लपवलेल्यालाही. एकच काम दोनदा वेगळं लिहायचा कंटाळा, दुसरं काही नाही. दिसणाऱ्या नकाशात रंग मिसळले तर मिसरूड फुटतं. लपवलेल्या नकाशात रंग मिसळले की एकशे बारा आणि एकशे चाळीस मिळून एकशे सव्वीस होतात, आणि ओढ्यापलीकडच्या माणसाला फुकटचा आंबा मिळतो. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा माउस हातात घेतला त्या माणसाने हे दोन दिवसांत शोधलं होतं. मी प्रोग्रॅममधली एक ओळ खोडली. दिसणारा नकाशा गुळगुळीतच ठेवला, लपवलेल्याला पायऱ्या परत आल्या. बांधावर दाबलं, एकशे बारा. जरासं सरकून दाबलं, एकशे चाळीस. काम अर्ध्या मिनिटाचं.

साहेबांना फोन केला. "गुपचूप नवीन टाकून दे," ते म्हणाले. "कोणाला कळतंय?" मला तर हेच ऐकायचं होतं. मी काकांना आनंदाने सांगितलं, झालं, सुधारलं.

"आणि चांगुणाला कोण सांगणार?" काका म्हणाले.

"फोन करू?"

"तिच्याकडे फोन नाय."

"पत्र टाकतो."

"तिला वाचता येत नाय."

"पुढच्या आठवड्यात जाऊ ना, काका. सध्या कामाची गर्दी आहे." ऑफिसात त्या दिवशी एकही काम नव्हतं. काकांनी खिळ्यावरून दोर काढून खांद्यावर टाकला आणि जिना उतरायला लागले. मी खुर्चीत बसून राहिलो. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, त्यांच्या पावलांच्या आवाजावरून. मग मात्र मला माझीच इतकी लाज वाटली की मी चप्पल घालायचीही विसरून त्यांच्यामागे धावलो. परत येऊन चप्पल घातली. एसटी सुटता सुटता पकडली.

गावात शाळेच्या ओट्यावर माणसं जमली. चांगुणाबाई खांबाला टेकून, पदर कमरेला खोचलेला. मी सुरुवात केली. पडद्यावरच्या चौकटी, तिरक्या रेघा, दुप्पट मोठं चित्र, त्याचं दाबणं, रंगांची सरासरी. हात हवेत फिरवत मी बराच वेळ बोललो. एक दोन इंग्रजी शब्दही टाकले, वजन पडावं म्हणून. बाळारामने जांभई दिली.

"थांब, थांब," चांगुणाबाई बोलल्या. "मला एवडा सांग, चुकला कोण? काका का तू?"

"मी."

"काकांचा नकाशा?"

"बरोबर आहे. पहिल्यापासून बरोबर होता. मी त्या दिवशी खोटं बोललो, मावशी. बघायच्या आधीच बोललो."

"मंग तेवडाच बोलायचा ना! मगासपासून काय चौकटी न् चौकटी लावलंस!"

ओटा हसला. मीही हसलो, कारण रडणं बरं दिसलं नसतं. बुधाजी तेवढा हिरमुसला होता. "म्हंजे आंबा माजा नाय?" त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मग सगळी वरात शेतावर. बांधाच्या टोकाशी काका थांबले, दोर हातात घेऊन. "बाळाराम, येऊ का बांधावर?"

"या काका."

"चांगुणा, येऊ का?"

चांगुणाबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "या ना, काका. त्या दिवशी मी लय बोलली तुमाला." आणि लगेच पदराने डोळे पुसून हसल्या. "पण बुधाजीला पण इचारा हां. मशिनीत तोच मालक होता."

लोक हसून हसून वाकले. काका हसले नाहीत. ते गंभीरपणे बुधाजीकडे वळले आणि म्हणाले, "बुधाजी, येऊ का?" बुधाजी इतका गोंधळला की त्याने हात जोडले आणि म्हणाला, "या."

दोराचं एक टोक मी धरलं. ज्या रेघा मी वर्षभर पडद्यावर ओढत होतो, त्यातल्या एका रेघेवर मी त्या दिवशी पहिल्यांदा उभा राहिलो. दोन वीत रुंद, वर गवत, मुंग्यांची वारुळं. काकांनी माप घेतलं, खिशातल्या जुन्या नकलेशी ताडून बघितलं आणि "बरोबर" एवढंच म्हणाले. चांगुणाबाईंनी आम्हाला दोघांना जेवायला बसवलं. काका व्यवस्थित जेवले. तीन भाकऱ्या.

परतताना एसटीच्या थांब्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. "हा आता लागत नाय. पाठ कोरी आहे. तुला कच्च्या कामाला होईल."

मी तो खिशात कोंबला आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात काहीतरी आकडेमोड करायची होती म्हणून बाहेर काढला. कोऱ्या बाजूवर दोन आकडे लिहिले आणि सवयीने उलटून बघितलं. दुसऱ्या बाजूला काकांचं अक्षर. नकाशावर गावांची नावं लिहायचे तसं, एकेक अक्षर सुटं, कोरल्यासारखं.

"गट नंबर ११२ व १४० यांच्या बांधाबाबत नकाशा काढताना माझ्या हातून चूक झाली. ती जाणूनबुजून केलेली नाही. तरी ह्या गावाची आणि श्रीमती चांगुणाबाई यांची मी हात जोडून माफी मागतो." खाली पूर्ण सही. तारखेची जागा तेवढी मोकळी सोडलेली.

काका समोरच्या टेबलावर पेन घासत होते. मी कागद घेऊन त्यांच्यापुढे गेलो.

"काका, हे कधी लिहिलंत?"

"गावात तुझा नकाशा दाखवून आलो ना, त्याच दिवशी. बस उतरल्या उतरल्या."

"पण तुमची चूक नव्हती. तुम्ही अजून तपासलंही नव्हतं!"

त्यांनी पेनात शाई भरली, कित्येक दिवसांनी डाव्या तर्जनीच्या नखावर एक रेघ मारली आणि भिंगातून ती बघत राहिले.

"तू बोललास ना," ते म्हणाले, "कॉम्प्युटर चुकत नाय म्हणून."